फुलंब्रीच्या पुढे, एका मिनिटाचा धडा

संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरात प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, मकबरा पाहिला का? नाही पाहिला. वेरूळही नाही, अजिंठाही नाही. चार दिवस त्या शहरात काढून मी काय पाहिलं, तर पडेगावातला एक बंद वर्ग, एक प्लॅस्टिकची बाहुली, खुलताबादचा घाट आणि फुलंब्रीच्या पुढच्या एका गावातलं एक घर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी एवढ्या लांब गेलीस?" त्यांना तोंडी सांगून ते कळणार नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी व्हिडिओ जोडते. नर्सिंगच्या मुली आणि गावोगावच्या आशाताई हल्ली फोनवर शिकतात. त्यांच्यासाठी एक संस्था छोटे छोटे धडे बनवते आणि ते कापायचं-जोडायचं काम माझ्याकडे येतं. जखम कशी धुवायची, ताप कसा मोजायचा, बाळंतिणीला काय विचारायचं, सगळं मी कोल्हापुरात खुर्चीत बसून इतक्या वेळा पाहिलंय की आमच्या घरात कुणी शिंकलं तरी मला विचारतात. पेशंट मात्र मी कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. माझ्याकडे येतात ते हात, पोटं, पाय आणि पुसट केलेले चेहरे. चेहरे मीच पुसट करते. तसा नियमच आहे.

पडेगाव

रात्रभराच्या बसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जानेवारीतली थंडी आमच्याकडे अंगावर शाल घेतली की संपते. इथली थंडी कोरडी, ओठ फाडणारी. शोभाताई मला न्यायला आल्या होत्या. त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवतात आणि आमच्या धड्यांमधला आवाज त्यांचाच. तो आवाज माझ्या कानात चार वर्षं आहे, पण बाईंना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मनात उंच, शिडशिडीत बाई धरून चालले होते. आल्या त्या बुटक्या, गोल, स्वेटरवरून पदर खोचलेल्या आणि स्कूटीवर.

"बसा मागं. बॅग मधी घ्या. घाबरू नका, आपण लई हळू चालवतो," म्हणाल्या आणि अशी काही स्कूटी पळवली की जुन्या दरवाज्याच्या कमानीखालून जाताना मी डोळेच मिटले.

घरी गेल्यावर त्यांनी येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी पुढे ठेवली. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ, ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. मी कोल्हापूरची, तांबड्या रश्शावर वाढलेली, तरी दोन वाट्या प्यायले. तिसरी मागायला लाजले आणि त्यांनी न विचारता ओतली.

मी गेले होते एक जुना धडा बदलायला. तान्ह्या बाळाचा दम मोजण्याचा धडा. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास भरभर चालतो, छाती आत ओढली जाते. आशाताईंनी एक मिनिट बाळाच्या पोटाकडे पाहून श्वास मोजायचे, म्हणजे दवाखान्यात न्यायचं की नाही ते कळतं. मूळ संहितेत कुणा डॉक्टरांनी "श्वसनाचा वाढलेला वेग" असं लिहिलं होतं. शोभाताईंनी तेव्हाच ते खोडून "पोट उडतंय" केलं होतं. "आमच्याकडं बाया म्हणतेत लेकराला डबा झाला, पोट उडायलं. वेगबिग कोण म्हणतं हो?" तान्ह्यांच्या या आजाराला तिकडे डबाच म्हणतात, त्यामुळे त्यांचंच बरोबर होतं.

त्या जुन्या धड्यात खरं आजारी बाळ होतं. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दुसऱ्याच माणसांनी ते चित्रित केलं होतं. आता संस्थेने ठरवलं की आजारी बाळं दाखवायची नाहीत, बाहुलीवर शिकवायचं. मला ते पटलंही होतं.

शोभाताईंच्या पडेगावातल्या वर्गात दारं-खिडक्या बंद करून आम्ही चित्रणाला बसलो. बाहुली परदेशातून आलेली. गुलाबी गाल, निळे डोळे. तिच्या पोटात फुगा आणि बाहेर एक रबरी नळी. नळीचा गोळा दाबला की पोट वर येतं. चित्रण सुरू झालं आणि गोळ्यातून फुस्स असा आवाज यायला लागला. नर्सिंगच्या मुली हसून लोळल्या. एकीने गोळ्याला चिकटपट्टी लावली, दुसरीने बाहुलीला काजळाची तीट लावून टाकली, गोरं लेकरू आहे, नजर लागेल म्हणून. मी म्हटलं, "अगं, धड्यात तीट दिसेल." शोभाताई म्हणाल्या, "दिसू द्या की. बिनतिटेचं लेकरू बघितलं का कुठं?" तीट राहिली.

खुलताबादच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम संपलं आणि शोभाताईंना मला काहीतरी दाखवल्याशिवाय राहवेना. दौलताबादचा किल्ला खालूनच पाहिला, माझे गुडघे आता किल्ल्यांशी बोलत नाहीत. पुढे घाट चढून खुलताबाद. वाटेत टोपल्यांमध्ये रचलेले पेरू, चिरून मीठ-तिखट लावून देतात. आमच्याकडच्या डोंगरावर झाडी इतकी असते की डोंगर दिसत नाही. इथे डोंगर उघडा, त्याचे खडक, त्याच्या सुरकुत्या सगळं उन्हात. सुरुवातीला मला ते ओकंबोकं वाटलं. तासाभराने डोळे सरावले आणि बरं वाटायला लागलं.

तिथल्या एका दर्ग्याच्या अंगणात दगडी फरशीवर आम्ही पाय पसरून बसलो. एक म्हातारे गृहस्थ येऊन "कहाँ से आए?" विचारून गेले, कोल्हापूर म्हटल्यावर "बहोत दूर से आए, आराम से बैठो" म्हणाले. तिथे शोभाताईंनी संगीताचा विषय काढला.

"एक आशा आहे आमची, फुलंब्रीच्या पुढची. संगीता नाव. नवीनच लागली. पोरगी अशी हुशार की काय सांगू. सगळ्या धड्यात पहिली. पण हा दम मोजायचा धडा आहे ना, त्याच्यात दर वेळी नापास. अन् गंमत अशी की चुकून कमी नाय, दर वेळी आकडा जास्तीच. तोबी थोडाथोडका नाय."

"घाईत मोजत असेल."

"नाय हो. फोनवर विचारलं तर म्हणती, मोजायला जमंना मॅडम. पुढचा धडा उघडत नाय तिला. सर्टिफिकेट अडकलंय. आता वरून विचारणा व्हायली, एवढं येत नसंल तर आशा कशी काय?"

माझ्या डोक्यात लगेच तांत्रिक कारणं आली. फोन जुना असेल, व्हिडिओ अडकत अडकत चालत असेल, मग मिनिट लांबणारच. हे मला सुटण्यासारखं कोडं वाटलं. मीच म्हटलं, उद्या जाऊ या तिच्याकडे, मी फोन बघते.

परत येताना शहरातल्या गुलमंडीजवळ इमरती खाल्ली. गरम, पाक ओघळणारी. हात चिकट झाले आणि रुमाल मी दर्ग्यात विसरले होते. शोभाताईंनी त्यांचा पदर पुढे केला. मी हसत हसत हात पुसले. त्या प्रवासातलं ते शेवटचं हसणं.

फुलंब्रीच्या पुढे

फुलंब्रीला बसमधून उतरलो आणि पुढे रिक्षाने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं भरायला लागलेली. संगीताचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पुढे सारवलेला ओटा. ओट्यावर तिच्या सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. नवरा शहरातल्या कंपनीत कामाला, तो संध्याकाळी येणार होता.

संगीता आतून पाणी घेऊन आली. पंचविशीची असेल. सडपातळ, केस घट्ट बांधलेले. तिने तांब्या पुढे केला आणि माझं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. तिथे तव्याचा चटका बसल्याचा एक जुना डाग होता, अर्धचंद्रासारखा, बांगडीच्या वर.

तो हात मी ओळखला.

आमच्या कामात असं होतं. माणूस ओळखू येत नाही, हात ओळखू येतो. जुन्या धड्याच्या सुरुवातीला एक बाईचा हात येतो आणि बाळाचं झबलं हळूच वर करतो, पोट दिसावं म्हणून. हिरव्या बांगड्या आणि तो डाग. ते झबलं नीट वर जाईपर्यंतचा तुकडा मी कितीदा मागेपुढे केला असेल. मी तांब्या हातात धरून तशीच राहिले. शोभाताई विचारत होत्या, "काय झालं हो?" मी तांब्या तोंडाला लावला. खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची भीती वाटत होती.

शोभाताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "संगीता, तो धडा लाव बरं. ह्या मॅडमनी बनवलाय, त्यांच्यासमोर मोज. कुठं चुकतं ते बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोन घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि धडा लावला. फोन चांगला होता, व्हिडिओ कुठेही अडकत नव्हता. झबलं वर झालं. छोटं पोट भरभर खालीवर होऊ लागलं. वर, जिथे चेहरा असायचा, तिथे मी केलेलं पुसट वर्तुळ. संगीता अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजत होती, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, अगदी बरोबर. मीही मनात मोजत होते, आमचे आकडे जुळत होते. मिनिट संपलं, घंटा वाजली, पडदा काळा झाला.

तिचा अंगठा थांबला नाही.

काळ्या पडद्याकडे पाहत ती मोजत राहिली. त्याच लयीत, पेरामागून पेर. शोभाताई म्हणाल्या, "अगं, घंटा झाली की!" तरी काही वेळ तिचा अंगठा चालूच होता. मग तिनेच मूठ मिटली.

"घंटा ऐकू आली ना?" मी विचारलं.

"आली."

"मग?"

"घंटा व्हिडिओची झाली, ताई. त्याचा दम तर चालूच व्हता की."

शोभाताईंना तेव्हा कळलं. त्या एकदम खाली बसल्या. सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही, तरी सगळ्यांना कळलं की आता हे लपणार नाही.

मग संगीतानेच सांगितलं, थोडं थोडं, मान खाली घालून. मुलगा होता, चार महिन्यांचा. सर्दी झाली, मग पोट उडायला लागलं. घरच्यांना वाटलं डबा झालाय, होईल बरा. तेल-ओवा केला. शहरात नेलं तेव्हा फार चढलं होतं. दवाखान्यातल्या माणसांनी विचारलं, इतर बायांना शिकायला उपयोग होईल, चित्रण करू का? घरचे हो म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. "मला जर मोजता आलं असतं तर लवकर नेलं असतं, म्हणून तर आशा झाले," ती म्हणाली. "अन् धडा उघडला तर हेच."

"अगं, मग बोलली का नाहीस मला?" शोभाताईंचा आवाज फुटला होता. तो आवाज मी चार वर्षांत असा कधी ऐकला नव्हता.

"बोलले असते तर तुम्ही काढून टाकला असता. माझ्याकडं तेवढंच हाय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आम्ही तो धडा काढूनच टाकायला आलो होतो. बाहुलीचं सगळं चित्रण माझ्या बॅगेत होतं. हे तिला सांगावं लागलं. मी सांगितलं. ती रडली नाही, फक्त फोन उचलून पदराखाली घेतला, जणू मी तो हिसकावून घेणार होते.

शोभाताई म्हणाल्या, "तू बाहुलीवरची परीक्षा दे, तुझं सर्टिफिकेट मी बघते. ह्या धड्याला आता हात लावू नको." मी ओट्याच्या टोकाला जाऊन कोल्हापुरात आमच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईच आहे ना ती. देऊन टाक." जुना धडा माझ्या लॅपटॉपवर होताच. मी तिच्या फोनमध्ये उतरवून दिला. पुन्हा नेट लागणार नाही, कुणी काढू शकणार नाही, हे तिला दोनदा सांगितलं.

तिने तो लावून पाहिला. मग पडद्यावरच्या त्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि हळूच घासलं, धूळ पुसावी तसं.

"ताई, तोंडावरचं हे पुसता येत नाय का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायची माझी हिंमत होत नव्हती. त्या चित्रणासोबत मला एक सूचना आली होती: घरच्यांची विनंती आहे, चेहरा झाकावा आणि मूळ चित्रण पुसून टाकावं. मी तसंच केलं होतं. अगदी नियमाने, अगदी चोख.

"मूळचं पुसून टाकलंय," मी म्हटलं. "घरच्यांनी तसं सांगितलं होतं म्हणून."

"मीच सांगितलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "जावळ झाल्याबिगर लेकराचा फोटू काढत नसतेत आमच्यात. नजर लागती. घरात बी काढू दिला नाय कुणाला. ते कॅमेरावाले आले तर म्हणलं, पोट दाखवा, पण तोंड झाका माझ्या लेकराचं. अन् मागं काय ठिवू नका." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "झाकलं. तरी गेलंच."

जावळ म्हणजे पहिले केस काढण्याचा सोहळा. आमच्याकडेही करतात. पण आमच्या घरात हल्ली बाळ जन्मल्यावर नाळ कापायच्या आधी फोटो निघतो, त्यावर मी चिडायचे. आता कुणावर चिडावं तेच कळेना. या म्हातारीने मायेने झाकायला सांगितलं, मी नियमाने झाकलं, आणि दोघींनी मिळून एका आईजवळ काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं.

"मला त्याचं तोंड आठवंना गेलंय," संगीता म्हणाली. "आधी डोळे मिटले की दिसायचं. आता तिथं बी असंच पुसट दिसतं." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही पाहिलं असंल ना ताई? झाकायच्या आधी? तुम्ही सांगा ना कसं व्हतं."

पाहिलं होतं. बाळ मान हलवत होतं, म्हणून ते वर्तुळ मला हाताने सरकवावं लागलं होतं, चित्रामागून चित्र. जगात त्या चेहऱ्याकडे शेवटचं इतकं निरखून मीच पाहिलं असेन. पण खरं सांगायचं तर मी चेहरा पाहत नव्हते. वर्तुळ बाहेर सरकत नाही ना, एवढंच पाहत होते. आणि तेव्हापासून कितीतरी बाळं माझ्या पडद्यावरून गेली होती. तरी ती ज्या नजरेने पाहत होती, तिला "आठवत नाही" म्हणणं मला जमलं नाही. मी चाचपडत म्हटलं, "कपाळ मोठं होतं. आणि नाक, मला वाटतं, जरा बसकं…"

"बसकं?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "आमच्यात कुणाचंच नाक बसकं नाय!"

"नाय हो ताई," संगीताही म्हणाली. "नाक सरळ व्हतं त्याचं. शेंड्याला लाल व्हायचं थंडीत."

"अन् कपाळ कुठलं मोठं? जावळच इतकं दाट, कपाळ दिसायचं का?"

"कानावर यायचं जावळ. एक कान दुमडलेला व्हता, नाय का आत्या? झोपून झोपून."

"डावा."

"नाय, उजवा. मी ह्या कुशीवर पाजायची ना."

दोघी वाद घालू लागल्या. माझी चूक झाली होती आणि ती दुरुस्त करता करता त्यांच्यामध्ये, त्या मेथीच्या जुड्यांवर, एक चेहरा जमत चालला होता. हनुवटीला खळी होती. वरच्या ओठावर दूध पिऊन पिऊन बारीक फोड आला होता. हसताना एकच गाल वर जायचा. शोभाताई डोळे पुसत ऐकत होत्या. संगीताचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदा सैल झाला होता. आणि मग ती अचानक थांबली.

"डोळे कसे व्हते?" तिने विचारलं.

सासूबाईंनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"आत्या, डोळे?"

"दवाखान्यात तर मिटलेलेच व्हते गं."

"त्याच्या आधीचे सांगा ना."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. मग हात पुढे करून तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, "तुझेच व्हते. असेच, तुझ्यावाणी."

संगीता उठून आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. ती तोंड धुऊन, पदर नीट करून बाहेर आली आणि माझ्यासमोर उन्हात बसली.

"ताई, कॅमेरा आणलाय ना? माझे डोळे काढा."

मी कॅमेरा काढला. तो गुडघ्यावर टेकवला. तिने डोळे मोठे उघडून सरळ माझ्याकडे पाहिलं. पापणी लवू नये म्हणून ती धडपडत होती, आणि उन्हाने की कशाने, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे मात्र पुसट करू नका हां," ती म्हणाली.